छपरावरचे पाणी कोणाचे?

मृग नक्षत्राचा पहिला जोरदार पाऊस झाला की शहरांत काही तक्रारी ठरल्याप्रमाणे डोके वर काढतात. शेजारच्या गच्चीचा पाइप कुंपणाच्या भिंतीवर ओततो आणि भिंतीला ओल धरते. तळमजल्यावरील बिऱ्हाडाच्या मोरीतून घाण पाणी उलटे वर येते. गल्लीच्या उताराला असलेल्या दुकानाची पायरी पाण्याखाली जाते. मग नगरसेवकाला दूरध्वनी होतात, महापालिकेच्या नावाने बोटे मोडली जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात तुंबलेल्या रस्त्याचे छायाचित्र येते. नालेसफाई खरोखर झाली का, कंत्राट कोणाला मिळाले, टक्केवारी किती गेली, या प्रश्नांची चर्चा आवश्यकच आहे व ती होत राहिली पाहिजे. तथापि या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. रस्त्यावर साचलेले हे पाणी रस्त्यावरच पडले होते का?

दाट वस्तीच्या भागात त्यातील मोठा वाटा छपरांवर पडलेला असतो. घराघराच्या गच्चीवरून ते पाइपाने खाली उतरते, फाटकाखालून बाहेर पडते आणि फाटक ओलांडताच ते घरधन्याच्या दृष्टीने सरकारचे होते. हिशेब अगदी शाळकरी आहे. शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे अकराशे चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी जमते. दिवसभरात शंभर मिलिमीटर पडला, तर दहा हजार लिटर. एका मोठ्या टँकरचे हे पाणी झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्या एका दिवसात अशा प्रत्येक गच्चीवर चौऱ्याण्णव हजार लिटरहून अधिक पाणी पडले. मिठी नदीच्या पात्रातील अतिक्रमणांची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. गच्च्यांची झाली नाही.

मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, ही गोष्ट त्या प्रलयानंतर सर्वतोमुखी झाली. त्यामागील दुसरे गृहीत मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. पडलेल्या पावसापैकी अर्धा पाऊस जमिनीत मुरेल आणि उरलेला अर्धाच गटारात येईल, असे धरून ती गटारे आखण्यात आली होती. त्या काळी ते चुकीचेही नव्हते. बंगल्यांना परसदार होते, चाळींना मातीचे अंगण होते, मैदाने खरोखरच मैदाने होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाच्या आधारे गटारांची क्षमता वाढविण्याची योजना झाली, तेव्हा ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरण्यात आला आणि त्यातील थेंबन्‌थेंब गटारात येणार, असेही धरावे लागले. या आकड्याच्या बदलात शहराच्या अर्ध्या शतकाचा इतिहास सामावला आहे. मातीने आपले काम करणे थांबविले, कारण माती झाकली गेली. आणि ती सरकारने झाकली त्याहून अधिक घरधन्यांनी आपल्या हाताने झाकली. आज कोणत्याही मध्यमवर्गीय गृहनिर्माण संस्थेचे आवार पाहावे. झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसविलेले असतात. चिखल नको, बुटांना माती नको, वाहन धुवायला स्वच्छ जागा हवी. त्याच संस्थेच्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलावरून एप्रिल-मे महिन्यांत खडाजंगी होते, आणि त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असावा, असे कोणाच्याही मनात येत नाही.

कौलारू घरात राहणाऱ्या माणसाला हा संबंध शिकवावा लागत नसे. कोकणातील घराच्या वळचणीतून पागोळ्या सरळ खाली पडत. त्या जेथे पडत तेथे जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा दगडगोट्यांची ओळ टाकलेली असे, म्हणून अंगणात चर पडत नसे. दोन पाखी एकमेकांना मिळत तेवढ्याच ठिकाणी पन्हळ बसवावी लागे. जोते उंच असे, अंगणाला घरापासून दूर जाणारा उतार असे आणि उताराच्या टोकाला माड-पोफळी, केळी, अळू यांची जागा ठरलेली असे. पागोळीखाली घंगाळ ठेवून धुण्याभांड्यांचे पाणी धरणे ही तर घरातील मुलांची कामगिरी. देशावरच्या वाड्यांत पाखी आतल्या चौकाकडे उतरत आणि चौकातील पाणी झाकलेल्या मोरीने ठरलेल्या वाटेने बाहेर पडे. अर्थात सारे काही आदर्शच होते, असे समजण्याचे कारण नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींनाही ओल धरत असे, आणि वळचणीच्या पाण्यावरून भाऊबंदांत उभी राहिलेली वैरे कोणत्याही गावातील वृद्ध माणसे आजही सांगतील. पण पाणी कोठे पडते आणि पुढे कोठे जाते, हे घरातील प्रत्येकाला माहीत असे. आज चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला आपल्या इमारतीचे पावसाळी पाइप किती आहेत, हे सांगता येणार नाही.

या भूमीवर हे ज्ञान फार जुने आहे. मोहेंजोदडो येथे वरच्या मजल्यावरील पाणी भाजक्या मातीच्या नळांतून खाली उतरविले जाई आणि झाकलेल्या गटारात सोडले जाई. कच्छमधील धोलावीरा नगराने दोन पावसाळी ओढे अडवून मोठमोठे हौद भरले. मुंबईच्या सीमेवरील कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी खडकात पन्हळी कोरून डोंगरावरचे पाणी टाक्यांत घेतले. ती टाकी आजही पाहायला मिळतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर जिवंत झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत न राहता टाकी बांधावीत, असा इशारा आहे. कारण युद्धाच्या काळात झरे आटू शकतात.

त्याहून मननीय आहे ते कौटिल्याचे शासन. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर बांधण्याच्या नियमांचे एक प्रकरण आहे. घरातून निघणाऱ्या पाण्याच्या मार्गाचे माप तेथे दिलेले आहे, तीन पाद किंवा दीड अरत्नी. आणि या नियमाचे उल्लंघन करणाऱ्यास ५४ पण दंड सांगितला आहे. शेजारी-शेजारी असलेल्या दोन छपरांमधील अंतरही अंगुळांत मोजून दिले आहे. दुसऱ्या अधिकरणात नगराची व्यवस्था सांगताना रस्त्यावर चिखल-पाणी तुंबविणाऱ्यास पाव पण दंड आहे, आणि तोच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट. या दंडांचे आकडे क्षणभर बाजूला ठेवले तरी एक गोष्ट ठळकपणे उरते. ज्या घरातून पाणी आले, त्या घराला कौटिल्य उत्तरदायी धरतो. पाणी वाहून नेण्याची व्यवस्था राज्याची असली तरी पाणी शिस्तीने त्या व्यवस्थेपर्यंत पोहोचविण्याचे काम गृहस्थाचे आहे. व्याख्यानमालांत कौटिल्याचे नाव आदराने घेतले जाते, टाळ्याही पडतात. त्या टाळ्या वाजविणाऱ्या किती जणांच्या गच्चीचा पाइप शेजाऱ्याच्या भिंतीवर ओतत असेल, याची मोजदाद एकदा व्हायला हवी.

इंग्रजी अमदानीतील कायदाही याबाबत मोघम नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर वाहत असेल, तर खालच्याने ते अडवू नये. परंतु छपरावर गोळा करून नळीने एका बिंदूवर सोडलेले पाणी नैसर्गिक प्रवाहाच्या व्याख्येत बसत नाही. ते शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क सांगायचा, तर त्याची संमती हवी, नाही तर वीस वर्षांची अखंड आणि उघड वहिवाट दाखवावी लागते. ‘पाणी काय, उताराने जाणारच’ हे वाक्य भांडणात कितीही ठणकावून म्हटले, तरी न्यायालयात त्याचा उपयोग होत नाही. अर्थात सख्ख्या शेजाऱ्याशी पागोळीसाठी वीस वर्षे कज्जा चालविण्यापेक्षा साठ-सत्तर रुपयांचा एल्बो बसवून पाइपाचे तोंड फिरविणे केव्हाही शहाणपणाचे.

दुसरा अपराध अधिक गंभीर आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गच्चीचा पाइप मैलापाण्याच्या चेंबरला जोडण्याची खोड नळकाम करणाऱ्यांना आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्यांना सर्रास लागली आहे. पाइप जमिनीपर्यंत आणला, शेजारीच संडास-मोरीचा चेंबर दिसला, दिला जोडून. आवार कोरडे राहते, गृहस्थ खूश होतो. मैल्याचा नळ मात्र तेवढ्या पाण्यासाठी केलेला नसतो. राष्ट्रीय इमारत संहितेतील कोष्टकाप्रमाणे शंभर मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप ताशी शंभर मिलिमीटर पावसात जेमतेम ४२ चौरस मीटर छपराचे पाणी नेतो. अशा पाचपन्नास गच्च्यांचे पाइप एकाच वेळी मैलावाहिनीत उतरले की ती भरते आणि सर्वात खालच्या घराच्या मोरीतून परत फिरते. आपल्या छपरावरचे स्वच्छ पाणी मैल्यात कालवून ते दुसऱ्याच्या न्हाणीघरात पाठविण्याचा हा प्रकार होय. रस्त्यावरील झाकणे दाबाने उचलली जातात किंवा तुंबलेले पाणी जावे म्हणून कोणी ती उघडतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत साचलेल्या पाण्याखालच्या अशाच एका उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत वैद्यकतज्ज्ञांचा अंत झाला. त्या घटनेनंतर मॅनहोलला जाळ्या बसविण्याची मागणी झाली, ती रास्तच होती. पण झाकण उघडण्याची पाळी ज्या पाण्यामुळे येते, ते पाणी कोठून येते, याचा विचार जाळी बसविल्याने संपत नाही.

घरधन्याचे स्वतःचे नुकसानही थोडे नाही. चार मजल्यांवरून एकाच बिंदूवर पडणारी धार जोत्यालगतची माती उकरते. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागांतील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. पायाच्या एका कोपऱ्याला पाणी मिळत राहिले आणि दुसरा कोरडा राहिला, तर भिंतीला तिरकी भेग पडायला दोन-चार पावसाळे पुरतात. मग वास्तुदोषाची शंका येते, शांती केली जाते. दोष खिडकीखालच्या तुटक्या पाइपात असतो.

उपाय महागडे नाहीत, पण ते डोळसपणे करावे लागतात. पाइप जमिनीपासून वीतभर वर संपवून त्याचे तोंड घरापासून बाहेर वळवावे, खाली फरशीचा तुकडा किंवा दगड बसवावा आणि तेथून उताराची उथळ नाली काढावी. जागा असेल तर नालीच्या शेवटी शोषखड्डा घ्यावा; पायापासून निदान दहा फूट दूर आणि शेजाऱ्याच्या पायापासूनही तितकाच दूर. मीटरभर लांब-रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यात दगडगोटे भरल्यावर सहाशे लिटरच्या आसपास पाणी मावते. गच्ची दहा हजार लिटर देणार आणि खड्डा सहाशे घेणार, तर बाकीचे मुरूम किती वेगाने पितो यावर सारे अवलंबून आहे. म्हणून गोटे भरण्यापूर्वी खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात जिरते, हे पाहून घ्यावे. कोकणचा जांभा भराभर पितो. देशावर मुरूम आणि भेगाळलेला खडक लागला तर उत्तम. अखंड काळा पाषाण लागला तर खड्ड्याचे डबके होते आणि डास वाढतात. चिकण काळ्या मातीत घराजवळ खड्डा घेण्याच्या फंदात पडूच नये. तेथे झाकणाची टाकी बरी. हजार लिटरची टाकी दहा मिलिमीटर पावसात भरते. विहीर किंवा बोअर असेल तर पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून गेल्याशिवाय त्यात सोडू नये. कबुतरांची विष्ठा आणि पालापाचोळा यांसह गच्चीचे पाणी थेट बोअरमध्ये घालणे हे पुनर्भरण नव्हे, ते भूजल नासविणे आहे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे. आणि प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक टाकीला भरून वाहण्याची वाट असलीच पाहिजे. ती वाट पावसाळी गटाराकडे जावी, मैल्याच्या चेंबरकडे नव्हे.

शासनाने नियम केलेले नाहीत असे नाही. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक झाले. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील मुंबईबाहेरच्या बहुतेक भागासाठी आलेल्या एकत्रीकृत नियमावलीत पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर ते बंधन आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत खड्डा असतो. दाखला हाती आला की तो वाहनतळाखाली जातो, हे उघड गुपित आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये याहून कठोर पाऊल उचलले. अध्यादेश काढून जुन्या-नव्या सर्व इमारतींना ही व्यवस्था सक्तीची केली. घरोघरी खड्डे झाले. पुढे २०१५ मध्ये चेन्नई पाण्यात बुडाली आणि २०१९ मध्ये त्याच चेन्नईला रेल्वेने पाणी आणावे लागले. महाराष्ट्राने हे दृश्य त्याआधीच पाहिले होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. कायदा एकदा खड्डा खणून घेऊ शकतो. दरवर्षी मे महिन्यात त्यातील गाळ काढून घेऊ शकत नाही. शिवाय पाचशे चौरस मीटरची मर्यादा पाहिली तर तालुक्याच्या गावांतील बहुतांश रो-हाउस आणि छोटे बंगले तिच्या बाहेरच राहतात. अशा घरांना सांगायला कोणताही निरीक्षक येणार नाही. तेथे शेजाऱ्याचा शब्दच चालतो.

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. पंच परिवर्तनाच्या विषयांत पर्यावरण आहे, नागरिक कर्तव्य आहे आणि सामाजिक समरसताही आहे. या तिन्ही विषयांवर स्वतंत्र बौद्धिके होतात. गच्चीच्या एका पाइपात मात्र ते तिन्ही एकत्र वाहतात, हे ध्यानात घेतले जात नाही. प्रत्येक शहराचा एक चढ असतो आणि एक उतार. चढावर योजनाबद्ध वसाहती असतात. उतारावर, ओढ्याच्या काठाला, पत्र्याची घरे असतात, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला नको असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या आंबिल ओढ्याने काठावरच्या वस्त्यांत हाहाकार केला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात नाग नदीकाठची घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी मदतकार्यात सर्वांत आधी धावून जाणाऱ्यांत स्वयंसेवक असतात; अन्नाची पाकिटे, चादरी, चिखल उपसणे, हे सारे मनापासून होते. परंतु त्या वस्तीत शिरलेल्या पाण्यात वरच्या वसाहतीच्या गच्च्यांचेही पाणी असते, आणि त्या वसाहतीत मदत गोळा करणाऱ्यांची घरेही असतात. ढगफुटीचा सगळा पाऊस चार शोषखड्डे थोपवू शकणार नाहीत, हे उघड आहे. पण सेवावस्तीत दरवर्षी पाणी शिरते ते ढगफुटीमुळे नव्हे, साध्या मुसळधार सरींमुळे. त्या सरींचे पहिले तासाभराचे पाणी वरच वाटेत अडले, तर खालच्या घरातील धान्याचा डबा कोरडा राहतो. समरसतेचा कार्यक्रम म्हणून वस्तीत जाऊन एकत्र भोजन करणे चांगलेच आहे. त्याआधी आपले पाणी त्यांच्या चुलीत जाणार नाही, एवढे पाहिले पाहिजे.

हे काम समिती नेमून होणारे नाही. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गल्लीतील दोघा-चौघांनी बादल्या घेऊन एकेका घराच्या गच्चीवर जावे. पन्हळीतील पाला, पक्ष्यांची घरटी, दिवाळीतल्या आकाशकंदिलाच्या काड्या, मुलांचे चेंडू बाहेर काढावेत. पाइपाच्या तोंडावर जाळी आहे का, हे पाहावे. मग दोन बादल्या पाणी वरून ओतावे आणि एकाने खाली उभे राहून ते कोठे निघते, ते पाहावे. चेंबरचे झाकण उचलून त्यात पाणी आले, तर जोड चुकीचा आहे, हे घरधन्याला वेगळे सांगावे लागणार नाही. कोणत्या घराचे पाणी कोठे जाते, त्याचा कागदावर कच्चा नकाशा काढावा आणि गल्लीचा उतार जेथे संपतो, तेथील घरात जाऊन गेल्या वर्षी पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते, ते विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे.